पुनरारंभ आणि कर्तेपण : ‘टॉम अँड जेरी’च्या निमित्ताने

१

एखादी अभिजात कार्टून मालिका खंडित झाल्यावर ती नव्याने सुरू करण्याचे ठरते, तेव्हा ती कोणत्या कलावंतांच्या हाती सोपवावी हा प्रश्न सामान्यतः व्यवस्थापनाचा मानला जातो. कोण उपलब्ध आहे, कोणाचा लौकिक किती, खर्च आणि मुदत किती, अशा व्यावहारिक विचारांतून एक संच निवडला जातो. समीक्षा त्यानंतर येते आणि नव्या कृतीची मूळ कृतीशी तुलना करून निवाडा देते. ही विभागणी वरवरची आहे. अमुक संच या मालिकेसाठी योग्य आहे असे म्हणताना ती मालिका म्हणजे नेमके काय, तिच्यातील कोणता घटक टिकला असता ती टिकली असे म्हणता येईल, याविषयीचे एक उत्तर आधीच गृहीत धरलेले असते. ते उत्तर बहुधा उच्चारले जात नाही. निवडलेल्या नावांतून ते सूचित होते. या अर्थाने संचाची निवड हे मूळ संहितेचे एक वाचनच असते, आणि कोणत्याही वाचनाप्रमाणे ते उथळ, एकांगी किंवा चुकीचे असू शकते.

या प्रश्नाच्या अभ्यासासाठी ‘टॉम अँड जेरी’ या मालिकेइतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडेल. १९४० ते १९५८ या काळात विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेसाठी या मालिकेचे ११४ लघुपट केले. त्यानंतर १९६१-६२ मध्ये जीन डाइच यांनी प्राग येथे १३, तर १९६३ ते १९६७ या काळात चक जोन्स यांच्या संचाने हॉलिवूडमध्ये ३४ लघुपट तयार केले. पुढे १९७५ मध्ये ही मालिका दूरचित्रवाणीसाठी पुन्हा उभी राहिली, ती खुद्द हॅना-बार्बेरा यांच्याच संस्थेत. पात्रे तीच, नाव तेच, पाठलागाचे सूत्रही वरकरणी तेच. बदलत गेले ते करणारे हात. त्यामुळे कर्त्यांच्या बदलाने कृतीत काय बदलते, याची जवळजवळ प्रयोगशाळेत घडावी तशी तपासणी येथे शक्य होते.

२

मूळ संचाचे स्वरूप आधी लक्षात घ्यावयास हवे. १० फेब्रुवारी १९४० रोजी प्रदर्शित झालेल्या ‘पस गेट्स द बूट’ या पहिल्या लघुपटात मांजराचे नाव जॅस्पर होते आणि श्रेयनामावलीत हॅना किंवा बार्बेरा यांपैकी कोणाचेच नाव नव्हते. मालिका म्हणून या कृतीची ओळख हळूहळू घडली, आणि ती घडवण्यात एका निश्चित श्रमविभागणीचा वाटा होता. बार्बेरा प्रामुख्याने प्रसंग रचत आणि त्यांची रेखाटने करीत. हॅना प्रामुख्याने त्या रेखाटनांचे कालमापन ठरवीत. आयर्वेन स्पेन्स, केनेथ म्यूज, एड बार्ज, रे पॅटर्सन यांसारखे अ‍ॅनिमेटर वर्षानुवर्षे त्याच दोन पात्रांना हालवीत राहिले. स्कॉट ब्रॅडली यांनी बहुतेक सर्व लघुपटांना संगीत दिले आणि ते चित्रसंस्थेच्या पूर्ण वाद्यवृंदाकडून वाजवून घेतले. पात्रे जवळजवळ बोलत नसल्याने अर्थवहनाचा मोठा भार या संगीतावर होता.

कार्टूनपटात पडद्यावरून दर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. टॉम कड्यावरून पुढे गेल्यावर त्याला खाली जमीन नसल्याचे उमगण्यापूर्वी ८ चौकटींचा विराम ठेवावयाचा की १६ चौकटींचा, म्हणजे एक तृतीयांश सेकंदाचा की दोन तृतीयांश सेकंदाचा, यावर तो प्रसंग विनोदी होईल की नुसताच क्रूर, हे अवलंबून असते. हे निर्णय कथेच्या सारांशात दिसत नाहीत. पात्रांच्या वर्णनातही उतरवता येत नाहीत. किंबहुना मालिकेचे प्राणतत्त्व याच सूक्ष्म कालनिर्णयांत आहे असे म्हणावे लागते. सात ऑस्कर पारितोषिके मिळवणाऱ्या या मालिकेतील कथानके शोधू गेल्यास हाती येते ते अगदी थोडे: मांजर उंदराचा पाठलाग करते. कथानक जितके किरकोळ, तितका लयीचा अधिकार मोठा.

मर्ढेकरांनी आपल्या सौंदर्यविचारात लयीची जी तीन तत्त्वे मांडली, ती येथे उपयोगी पडतात. संवाद, विरोध आणि समतोल ही ती तत्त्वे होत. त्यांचे विवेचन कार्टूनपटासाठी नव्हते हे उघड आहे. परंतु संवेदनांच्या कालगत रचनेवर उभ्या असलेल्या या कलाप्रकाराला ते साहित्यकृतीपेक्षाही अधिक थेट लागू पडते. ‘टॉम अँड जेरी’त मांजर आणि उंदीर यांच्यातील द्वंद्व हा विरोध होय. हालचाल आणि वाद्यवृंद यांची चौकटीगणिक जुळणी हा संवाद होय. आणि समतोल आढळतो तो जयापजयाच्या वाटपात. जेरी नेहमीच जिंकतो ही समजूत बरोबर नाही. कधी टॉम जिंकतो, कधी दोघेही हरतात, कधी तिसऱ्या संकटापुढे दोघे एकत्र येतात. खोडी काढण्यात जेरी मागे नसतो, म्हणून त्याच्या विजयाला नैतिक विजयाचे रूप येत नाही. ही तिन्ही तत्त्वे एकाच वेळी कार्यरत असणे म्हणजे ‘टॉम अँड जेरी’ असणे, अशी एक व्याख्या तात्पुरती स्वीकारता येईल.

३

या व्याख्येची कसोटी म्हणून तीन संचांनी एकाच विषयावर केलेले तीन लघुपट शेजारी ठेवणे उद्बोधक ठरेल. हा विषय म्हणजे संगीताचा रंगमंच.

१९४६ चे ऑस्कर मिळवणाऱ्या ‘द कॅट कन्चर्टो’मध्ये टॉम पियानोवादक आहे आणि तो लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी वाजवतो. पियानोच्या आत झोपलेला जेरी त्या वादनाने जागा होतो. श्रोते समोर असल्याने टॉमला वादन थांबवता येत नाही, आणि पाठलागासाठी पियानोपासून दूरही जाता येत नाही. द्वंद्व घडावयाचे ते स्वरांच्या आत, तालाच्या मर्यादेत. प्रत्येक प्रहार हा एकाच वेळी वादनाचा भाग असतो आणि सूडाचाही. येथे विरोध आणि संवाद एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत. शेवटी थकून कोसळतो तो टॉम आणि टाळ्या स्वीकारतो तो जेरी. तरीही हा शेवट अन्यायाचा वाटत नाही, कारण अखेरची आवर्तने जेरीनेच आतून वाजवलेली असतात.

डाइच यांच्या संचाच्या ‘कार्मेन गेट इट’ (१९६२) मध्ये टॉम जेरीच्या मागे न्यूयॉर्कच्या ऑपेरागृहात शिरतो आणि वादकाचे सोंग घेतो. त्याच्या व्हायोलिनमध्ये ध्वनिमुद्रणयंत्र दडवलेले असते; तो नुसता गज फिरवतो. विनोद म्हणून ही कल्पना वाईट नाही. परंतु संगीत आणि शारीर हालचाल यांचे नाते तुटल्याची ती नकळत दिलेली कबुलीही आहे. टॉम वाजवत नाही, म्हणून तो वादनाने बांधलेला नाही. तो बांधलेला नाही, म्हणून पाठलाग कोठेही जाऊ शकतो आणि जातोही. ऑपेरा ही येथे घटनेची जागा आहे, घटनेचा नियम नव्हे.

चक जोन्स यांच्या ‘द कॅट अबव्ह अँड द माउस बिलो’ (१९६४) मध्ये टॉम ऑपेरागायक आहे. तो रोसिनीच्या ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’मधील प्रसिद्ध पद गातो आणि रंगमंचाखाली राहणाऱ्या जेरीची झोप मोडते. प्रसंगाची मांडणी पहिल्या लघुपटाच्या जवळ जाणारी आहे, आणि टॉमच्या चेहऱ्यावरील आत्मसंतोष ज्या सफाईने रेखाटला आहे ती सफाई मूळ मालिकेतही सहसा नाही. तरी लक्ष वेधून घेते ती मुद्रा, गती नव्हे. दाट भुवयांचा हा टॉम स्वतःच्या अभिनयात इतका रमतो की जेरी त्याच्या विरोधकाऐवजी त्याच्या अभिनयाचे निमित्त होऊन राहतो. संवाद आहे, विरोध मंदावला आहे.

४

या तुलनेतून डाइच यांच्याविषयी घाईने निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. ते सामान्य प्रतीचे कलावंत नव्हते. त्यांच्या ‘मन्रो’ या लघुपटाला १९६० चे ऑस्कर मिळाले होते, आणि त्यापूर्वी टेरीटून्स या संस्थेला नवे वळण देण्याचा प्रयत्न त्यांनी केला होता. सपाट आकार, काटेकोर शैलीकरण आणि उपरोध ही त्यांच्या परंपरेची वैशिष्ट्ये. ‘टॉम अँड जेरी’ ही मालिका त्यांना पूर्वी निष्कारण हिंसेचा नमुना वाटत असे, हे त्यांनी स्वतः आठवणींत नोंदवले आहे. त्यांच्या चेकोस्लोव्हाकियातील सहकाऱ्यांना मूळ लघुपटांपैकी मोजकेच पाहावयास मिळाले होते, आणि उपलब्ध पैसा मूळ संचाच्या तुलनेने फारच थोडा होता. टॉड डॉकस्टेडर यांच्यासारख्या ध्वनिफितींच्या संगीतकाराने दिलेले ध्वनिपरिणाम स्वतंत्रपणे ऐकावेत असे आहेत. या सर्व गुणांचा मालिकेला उपयोग झाला नाही, कारण निवडीमागील वाचन हिंसेपाशीच थांबले होते. लय वगळली की ‘टॉम अँड जेरी’तून उरते ती खरोखरच हिंसा. या लघुपटांत टॉमचा चिडखोर, स्थूल मालक त्याला बेदम मारतो तेव्हा हसू येत नाही. कारण तेथे मार आहे, कालमापन नाही. विरोध एकटा उरला आहे.

जोन्स यांची निवड याच्या उलट टोकाची होती. वॉर्नर संस्थेत तीन दशके घालवलेला हा दिग्दर्शक मायकेल माल्टीझ, मॉरिस नोबल, एब लेव्हिटो असे आपले जुने सहकारी बरोबर घेऊन आला. प्रतिभा, अनुभव आणि परस्परपरिचय यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. तरीही या ३४ लघुपटांवर रोडरनर आणि कायोटी यांची सावली पडली आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या त्या मालिकेचे व्याकरण वेगळे आहे. तेथे पाठलाग करणारा आपल्याच हव्यासाने आणि आपल्याच यंत्रांनी पराभूत होतो. पक्षी हे केवळ त्याच्या आत्मघाताचे निमित्त असते. ‘टॉम अँड जेरी’त मात्र दोन इच्छा समोरासमोर उभ्या असतात. एकाच्या मनोव्यापाराची कला दोघांच्या झुंजीवर लादली गेली. आपल्याला ही पात्रे आपल्या स्वतःच्या पात्रांइतकी उमगली नव्हती, अशी कबुली जोन्स यांनी पुढे दिली. याच संचाने याच काळात ‘द डॉट अँड द लाइन’ हा लघुपट केला आणि १९६५ चे ऑस्कर मिळवले, ही गोष्ट येथे निर्णायक आहे. ठिपका आणि रेषा यांच्या त्या कथेत मुद्रेला आणि आकाराला जे महत्त्व हवे होते, ते देण्यास हा संच सर्वथा योग्य होता. म्हणजे संचाची योग्यता हा संचाचा अंगभूत गुण नसून तो कृतीशी असलेल्या संबंधाचा गुण आहे.

५

मग मूळ कर्त्यांनाच परत बोलावणे हा उपाय निर्दोष ठरावयास हवा. १९७५ ची मालिका ही समजूत खोडून काढते. हॅना आणि बार्बेरा यांच्या संस्थेने अमेरिकी दूरचित्रवाणीसाठी केलेल्या या ४८ भागांत टॉम आणि जेरी मित्र आहेत, एकत्र प्रवास करतात, स्पर्धांत भाग घेतात. जेरीच्या गळ्यात लाल बो आहे. मुलांच्या कार्यक्रमांतील हिंसेविषयीचे तत्कालीन निर्बंध आणि कमी चित्रांत भागवणारी दूरचित्रवाणीची मर्यादित अ‍ॅनिमेशन पद्धती यांनी हे रूप ठरवले. विरोध काढून टाकल्यावर समतोल साधण्याजोगे काही उरले नाही, आणि थोड्या चित्रांत संवादलयही शक्य नव्हती.

फुको यांनी १९६९ मधील आपल्या व्याख्यानात लेखकाचे नाव हे एका व्यक्तीचा निर्देश नसून संहितांचे वर्गीकरण आणि प्रमाणीकरण करणारे एक कार्य असते, असे प्रतिपादन केले होते. १९७५ मध्ये ‘हॅना-बार्बेरा’ हे नाव नेमके हे कार्य करीत होते. व्यक्ती त्याच होत्या. परंतु १९४० च्या दशकातील कर्ता म्हणजे त्या दोन व्यक्ती नव्हत्या. कर्ता होती ती एक कार्यपद्धती: सतरा-अठरा वर्षे एकत्र राहिलेले अ‍ॅनिमेटर, ब्रॅडली यांचा वाद्यवृंद, एका लघुपटाला मिळणारा प्रदीर्घ वेळ. चित्रसंस्थेने १९५७ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला तेव्हा हा कर्ता विखुरला. नावे परत आणता येतात. पद्धती परत आणण्यासाठी तिच्या अटीही परत आणाव्या लागतात.

६

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक पिढीला बालपणी पाहिलेले रूपच अस्सल वाटते. तेव्हा वर केलेले भेद हे स्मृतीच्या पक्षपाताला दिलेले तात्त्विक नाव असू शकेल. भारतीय प्रेक्षकाचा अनुभव या आक्षेपाला काही अंशी उत्तर देतो. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतात आली, त्यानंतरच्या वर्षांत येथील पुष्कळ मुलांना हे लघुपट निर्मितीचा कालक्रम न कळता, सरमिसळ पाहावयास मिळाले. कोणता संच आधीचा, कोणता नंतरचा, याची त्यांना कल्पना नव्हती. प्राग शहराशी किंवा हॉलिवूडच्या इतिहासाशी त्यांच्या स्मृतीचा काही संबंध नव्हता. तरीही ‘हा टॉम वेगळा आहे’ हे श्रेयनामावली न वाचता अनेकांच्या ध्यानात येत असे. भाषेचे व्याकरण न शिकलेला भाषक चुकीचे वाक्य ओळखतो, तसाच हा प्रकार आहे. जोनाथन कलर यांनी वाचकाच्या ठायी जी साहित्यक्षमता कल्पिली, तिचे हे एक प्राथमिक रूप मानता येईल. वेगळेपण ओळखणे म्हणजे ते नाकारणे नव्हे. डाइच यांच्या लघुपटांचा विक्षिप्तपणा आवडणारेही प्रेक्षक आहेत. पण भेदाची जाणीव खरी आहे, आणि ती पिढीच्या आवडीनिवडीत विरघळून जात नाही.

दुसरा आक्षेप असा की हा सारा युक्तिवाद अखेर मूळ रूपाच्या पूजेकडे नेतो. तसे नाही, हे मिकी माउसच्या एका पुनरारंभावरून स्पष्ट होईल. पॉल रूडिश यांच्या नेतृत्वाखाली २०१३ ते २०१९ या काळात झालेल्या लघुपटमालेत मिकीचे रूप, वेग आणि स्वभाव यांत मोठे फेरफार केले गेले. दशकानुदशके बोधचिन्ह होऊन बसलेला सभ्य मिकी येथे पुन्हा खोडकर, घामाघूम होणारा, प्रसंगी विद्रूप होणारा झाला. पॅरिस, टोकियो, मुंबई अशा शहरांत घडणाऱ्या लघुपटांत पात्रे तेथील भाषा बोलतात, आणि अमेरिकी प्रेक्षकाला त्यांतील शब्द कळण्याची गरज पडत नाही. ‘मुंबई मॅडनेस’ (२०१४) हे त्यांपैकीच एक. मिकीचे सत्त्व शब्दांत किंवा सुस्वभावी प्रतिमेत नसून आकाराच्या लवचिकतेत आणि हालचालीच्या उतावीळपणात आहे, असे वाचन या संचाच्या मुळाशी आहे. ते वाचन १९२८ नंतरच्या आरंभीच्या लघुपटांपर्यंत मागे जाते, म्हणूनच त्याला पुढे इतके स्वातंत्र्य घेता आले. निष्ठा आणि नावीन्य यांत येथे विरोध राहिला नाही, कारण निष्ठा कशाशी हे आधी ठरले होते.

७

जुन्या कृतीत सांभाळण्याजोगे नसलेलेही काही असते, आणि त्याची निवड करणे हाही नव्या संचाच्या कर्तव्याचा भाग ठरतो. मूळ ‘टॉम अँड जेरी’तील कृष्णवर्णीय गृहसेविका हे वंशभेदी साच्यातून आलेले पात्र होते. १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीसाठी काही जुने लघुपट फेरफार करून प्रसारित झाले, तेव्हा जोन्स यांच्याच संचाने तिच्या जागी एक गोरी, सडपातळ स्त्री चितारली. साचा पुसला गेला, पण त्याबरोबर त्या साच्याचा इतिहासही पुसला गेला. पुनरारंभासाठी नेमलेला संच केवळ पुढील भाग करीत नाही, तो मागील भागांचाही अर्थ बदलतो, याचे हे ठळक उदाहरण होय. इतकी मोठी सत्ता ज्यांच्या हाती जाते, त्यांची निवड केवळ लौकिकाच्या आणि अंदाजपत्रकाच्या आधारे होणे समीक्षेने निमूटपणे मान्य करू नये.

ही निवड करणारा मात्र कलावंत नसतो, मालक असतो. १९५७ मध्ये हॅना आणि बार्बेरा यांनी स्वतःची संस्था काढली तेव्हा टॉम आणि जेरी त्यांच्याबरोबर गेले नाहीत. १९८६ मध्ये हे लघुपट टर्नर यांच्या मालकीचे झाले आणि १९९६ मध्ये टाइम वॉर्नर समूहाकडे गेले. कर्तेपण आणि स्वामित्व यांची अशी फारकत झाली की कृतीचे सत्त्व कशात आहे हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी कोणाचीच राहत नाही. मालकाच्या दृष्टीने पात्र म्हणजे नाव आणि आकृती. कायद्याने तेवढेच राखता येते. विराम, ताल, प्रहारापूर्वीचा क्षण यांवर स्वामित्व सांगता येत नाही, म्हणून करारपत्रात त्यांचा उल्लेखही येत नाही. ‘टॉम अँड जेरी’च्या प्रत्येक पुनरारंभात नाव आणि आकृती अबाधित राहिली, आणि निसटले ते नेमके करारात न मावणारे.

तेव्हा योग्य संच कोणता, या प्रश्नाचे उत्तर नावांच्या यादीने देता येत नाही. प्रतिभावंत संच अपुरा पडू शकतो, हे १९६३ नंतर दिसले. मूळ कर्त्यांचा संचही अपुरा पडू शकतो, हे १९७५ मध्ये दिसले. कृतीचे प्राणतत्त्व कोठे आहे, मूळ संचात ते कोणाच्या कोणत्या कामात वसत होते, आणि ते काम करण्यास लागणारा वेळ, पैसा व सहवास आज देता येईल काय, हे तीन प्रश्न या क्रमाने विचारले गेले पाहिजेत. पहिल्या दोन प्रश्नांचा विचार समीक्षेकडून होणे अपेक्षित आहे. तिसऱ्याचे उत्तर मालकाने द्यावयाचे असते. आणि ते नकारार्थी असेल तर मालिका नव्याने सुरू न करणे, हाही मूळ कृतीच्या योग्य वाचनातून निघणारा निर्णय ठरतो.